भरतीची वाट अडवणाऱ्या महोदयांस



या पत्रात तुमचे नाव नाही, कारण एक नाव पुरणार नाही. कधी तुम्ही मध्यरात्री खाडीकाठी डंपर रिकामे करणारे ठेकेदार असता, कधी त्या डंपरचे पैसे चुकते करणारे बिल्डर. कधी बुजवलेली मोरी डोळ्यांसमोर असूनही पंचनाम्यात ‘पाणी आढळले नाही’ असे लिहिणारे अधिकारी असता, तर कधी आराखड्यात तळ्याच्या जागी इमारतींचा रंग भरणारे नियोजनकार. खुर्च्या निराळ्या, पण काम एकच. पाणी यायचे तोंड बंद करायचे, जमीन सुकेपर्यंत थांबायचे आणि सुकलेल्या जमिनीवर हक्क सांगायचा. हे पत्र त्या कामाला उद्देशून आहे. ज्याला ते स्वतःच्या पत्त्यावर आल्यासारखे वाटेल, त्याने ते आपलेच समजावे.

तुम्ही हुशार आहात, हे आधीच मान्य करतो. पाणथळ जागेचे शास्त्र आमच्यापैकी बहुतेकांपेक्षा तुम्हाला जास्त कळते. लोकांना वाटते, तळे मारायचे तर ते भरून काढावे लागते. त्याला शेकडो ब्रास मुरूम लागतो, पोकलेनचा आवाज होतो, कोणीतरी फोटो काढतो, तक्रार होते. तुम्ही त्या भानगडीत पडत नाही. उघाडी, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, कुठे आहे, मोरी कुठे आहे, कोणत्या रस्त्याखालून किती पाईप गेले आहेत, हे तुम्ही आधी शोधता. मग रस्ता रुंद करताना चारातले दोन पाईप गाळात जातात. जेट्टीचा जोडरस्ता बांधताना खाडीची एक शाखा कापली जाते. उघाडीची फळी एकदा खाली पडते ती पुन्हा उचलली जात नाही. पुढचे काम सूर्य करतो. त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही, आणि तुमच्यावर होईल असा पुरावा उरत नाही.

हे मी कोणत्या जागेबद्दल लिहितो आहे, ते तुम्ही ओळखले असेलच. ठाणे खाडीचा पूर्व काठ. नेरूळच्या बाजूची तळी, सीवूड्‌समधील डीपीएस शाळेमागचे तळे, एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळ जागा आणि खाली उरण तालुक्यातले बेलपाडा, भेंडखळ, पाणजे. तुमच्या नकाशावर हे निरनिराळे भूखंड आहेत. पाण्याच्या हिशेबात ते एकच घर आहे, आणि त्या घरातल्या खोल्या तुम्ही एकेक करून कुलूपबंद करत आहात.

हे घर चालते कसे, ते सांगतो. तुम्हाला ठाऊक आहे. पण पत्र खुले आहे आणि वाचणाऱ्या इतरांना ते ठाऊक असायला हवे.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते, मधल्या भांगाच्या दिवसांत त्याचा जोर ओसरतो. या चढउताराने खाडीकाठी तीन पट्टे तयार झाले आहेत. पहिला चिखलाचा. तो ओहोटीला उघडा पडतो आणि दिसायला ओसाड दिसतो, पण त्याच्या वरच्या काही बोटांच्या थरात सूक्ष्म शेवाळे, किडे, कृमी आणि शिंपले खच्चून भरलेले असतात. दुसरा पट्टा खारफुटीचा. त्यात तिवर आहे, चिप्पी आहे, कांदळ आहे. तिवराच्या खालच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून त्याची मुळे वर येऊन हवा घेतात. भरतीला ती बुडतात, ओहोटीला पुन्हा मोकळी होतात. तिसरा पट्टा काठाच्या आत असलेल्या उथळ तळ्यांचा. मोठ्या भरतीचे पाणी मोऱ्यांतून, उघाड्यांतून आणि लहान ओहोळांतून तिथपर्यंत पोहोचते आणि परतते.

या तीन पट्ट्यांवर रोहित पक्षी आपले वेळापत्रक चालवतात. गुजरातेतल्या कच्छच्या रणाकडून ते हिवाळ्यात इथे येतात आणि पावसाळा लागण्याआधी परततात. ठाणे खाडीत त्यांची संख्या लाखाच्या घरात गेल्याची नोंद आहे. लहान रोहित चोच उलटी धरून पाण्यातले शेवाळे गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले जीव टिपतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यांचे खाणे सुरू होते. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना पाय टेकायला उथळ जागा लागते. ती जागा म्हणजे काठाच्या आतली ही तळी. दोन्ही ठिकाणे हाताशी असतील तरच पक्षी इथे राहू शकतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी हा संबंध वर्षानुवर्षे नोंदवला आहे.

राज्य सरकारने 2015 मध्ये ठाणे खाडीतल्या सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्राला रोहित अभयारण्याचा दर्जा दिला. 2022 मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. लोणार आणि नांदूर मध्यमेश्वरनंतरचे महाराष्ट्राचे तिसरे. अभयारण्याची सीमा पाण्यात आखली गेली आणि विश्रांतीची तळी तिच्या बाहेर राहिली. तुम्ही नेमकी हीच फट हेरलीत. अभयारण्यात घुसायची तुम्हाला गरजच नाही. ताट सांभाळायला सरकार उभे आहे. तुम्ही जेवणाऱ्याची बसायची जागा काढून घेता.

आता तुमच्या पद्धतीचे परिणाम पाहू, कारण तोंड बंद केल्यावर आत काय घडते ते पंचनाम्यात कधीच येत नाही.

आलेले पाणी परतले नाही की ते साचते. साचलेल्या पाण्यावर शेवाळाची साय धरते, ते कुजू लागते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर तरंगतात. तिवराची मुळे सतत पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरते. उलट पाणी आत येणेच थांबले तर उन्हाने राहिलेले पाणी आटत जाते, क्षार वाढत जातात, पांढरा थर धरतो आणि त्या खारेपणात शेवटी तिवरही तग धरत नाही. खाडीच्या चिखलात लोह आणि गंधकाची संयुगे असतात. पाण्याखाली ती शांत असतात. चिखल सुकून भेगाळला, हवा आत शिरली की त्यांतून आम्ल तयार होते आणि पुढच्या पावसात ते आसपासच्या पाण्यात उतरते. शतकानुशतके त्या चिखलात दडलेला कर्बही हवेत परतू लागतो. म्हणजे जमीन सुकते तेव्हा ती नुसती रिकामी होत नाही, तिच्यात साठवलेले सगळे बाहेर पडते. याचा हिशेब तुमच्या प्रकल्प अहवालात कोणत्या पानावर असतो, ते एकदा कळवा.

यानंतर तुमचे दुसरे कसब सुरू होते, कागदाचे.

तुम्ही पाहणी उन्हाळ्यात लावता. एप्रिल-मे महिन्यांत, भांगाच्या दिवसांत, तोंड बुजवल्यावर. पाहणीला आलेल्यांना भेगाळलेली जमीन दिसते, ते तसे लिहितात आणि त्या एका ओळीवर पुढची इमारत उभी राहते. ‘इथे पाणथळ जागा नाही’ हे वाक्य खरे ठरवण्यासाठी तुम्ही आधी पाणी घालवलेले असते. माणसाचा श्वास कोंडून मग त्याची नाडी तपासायला वैद्याला बोलवावे, तसा हा पंचनामा आहे.

इराणमधल्या रामसर या गावी 2 फेब्रुवारी 1971 रोजी जो करार झाला, त्याने पाणथळ जागेची व्याख्या फार मोकळी ठेवली. जागा नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, पाणी कायमचे असो वा हंगामी, साचलेले असो वा वाहते, गोडे, मचूळ किंवा खारे, सगळे त्यात बसते. ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेले समुद्राचे पाणीही बसते. भारत 1982 मध्ये या करारात सामील झाला. त्या व्याख्येप्रमाणे मे महिन्यातला कोरडा तळ म्हणजे तळ्याचा एक ऋतू आहे. तुम्ही त्या ऋतूला मृत्यूचा दाखला केलेत.

आपल्या देशाचे 2017 चे पाणथळ जागांचे नियम मात्र तुमच्या सोयीचे निघाले. भातखाचरे, नदीचे पात्र, पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी किंवा मिठासाठी मुद्दाम बांधलेल्या जागा त्यांतून वगळल्या आहेत. किनारा नियमन क्षेत्र दुसऱ्या कायद्याखाली येते म्हणून तेही बाहेर आहे. उरणच्या पट्ट्यात मिठागरे होती, खारबांध होते, मत्स्यतळी होती. त्यामुळे कोणत्याही तळ्याकडे बोट दाखवून ‘ही तर माणसाने केलेली जागा’ असे तुम्ही म्हणू शकता आणि म्हणताही.

तुमच्या या युक्तिवादाला नाशिक जिल्ह्यात उत्तर उभे आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा बांधला गेला. त्याच्यामागे गाळ साचत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, हिवाळ्यात हजारोंनी पाहुणे पक्षी उतरू लागले. ते नांदूर मध्यमेश्वर. महाराष्ट्राला पहिला रामसर दर्जा मिळवून दिला तो या माणसाने अडवलेल्या पाण्याने. पक्षी, मासे आणि गाळ जागेच्या जन्माचा दाखला मागत नाहीत. पाणी किती, कधी आणि किती खोल, एवढेच त्यांना कळते. कायद्याने यापेक्षा वेगळे काही विचारायची गरज नव्हती.

आणि माणसाने केलेल्या जागांचाच विषय निघाला आहे, तर त्या केल्या कोणी, हेही बोलू.

हा सगळा काठ आगरी आणि कोळी समाजाने घडवला. समुद्राचे पाणी मागे सारून त्यांनी मातीचे बांध घातले, आत खाऱ्या जमिनीत भात पिकवले. बांधाला उघाड्या ठेवल्या. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर जाई आणि भरतीला दार आपसूक मिटे. गोव्याच्या खाजण जमिनींत हेच काम ‘मानस’ नावाचे दार करते. बांधाला खांड पडली की सगळा गाव मातीच्या पाट्या घेऊन धावे. पावसाळ्यात भात, त्यानंतर कुठे मीठ, कुठे मासे. बोयटे, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या. नशीब जोरावर असेल त्या दिवशी जिताडा. पाणी कधी आत घ्यायचे आणि कधी बाहेर सोडायचे, हे ज्ञान त्या लोकांच्या अंगवळणी पडले होते. त्यांनीही समुद्र अडवला होता, हे तुम्ही मला सांगाल. खरे आहे. पण त्यांनी दार ठेवले होते, आणि दार उघडण्या-मिटण्याची जबाबदारी गावाने घेतली होती. तुम्ही भिंत घालता आणि निघून जाता.

या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या, तेव्हाचा इतिहासही याच मातीत आहे. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या बलिदानातून भूसंपादनाच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. जमीन गेली त्यांना निदान भूखंड मिळाला. ज्याची उपजीविका पाण्यावर होती त्याच्या नावाचा सातबारा नव्हता. पाग घेऊन खाडीत उतरणाऱ्याला, चिखलात हात घालून चिंबोरी काढणाऱ्या बाईला कोणत्या उताऱ्यावर दाखवायचे? तुम्ही त्यांना कुठेच दाखवले नाही, त्यामुळे तुमच्या कागदावर कोणाचेच नुकसान झाले नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने ते नुकसान पाहिले. उरण-पनवेल भागातल्या पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर लवादाच्या पुणे खंडपीठाने 2015 मध्ये 1,630 कुटुंबांना 95 कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. भरतीच्या पाण्याच्या वाटा अडल्या, खारफुटी गेली, मासेमारीची जागा आक्रसली, या तक्रारीला न्यायपीठासमोर रुपयांत किंमत मिळाली. तुमच्या हिशेबात जी जागा शून्य रुपयांची पडीक जमीन होती, तिच्यावर इतकी कुटुंबे जेवत होती.

पाणी अडवले की ते संपत नाही, दुसरीकडे जाते. मुंबईने हा धडा 26 जुलै 2005 रोजी घेतला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी समुद्राला भरती होती. मिठी नदीने पाणी पसरायची आपली जागा शोधली. तिच्या मुखाशी जिथे दलदल आणि खारफुटी होती तिथे भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते. मग पाणी लोकांच्या घरांत पसरले. एवढ्या पावसात पूर आलाच असता, हे मान्य. पण पाण्याला हातपाय पसरायला जागा ठेवली होती की नव्हती, यावर तो किती घरांत शिरला ते ठरले.

नवी मुंबई आखणाऱ्यांना हे कळत होते. शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीच्या खाली असल्याने त्यांनी आराखड्यातच धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर पाणी तिथे साठावे आणि ओहोटीला दारांतून खाडीत जावे, अशी ती रचना आहे. ज्या शहराचा पायाच ‘पाण्याला जागा ठेवा’ या तत्त्वावर घातला गेला, त्याच शहराच्या कडेला तुम्ही पाण्याची जागा विकता. तुमचा भूखंड दोन मीटर उंच होतो आणि शेजारचे गाव तेवढेच खाली जाते. पहिल्या मोठ्या पावसात गावातल्या बाया घरातले पाणी उपसतात, आणि तुमच्या जाहिरातीत ‘खाडीचे विहंगम दृश्य’ असते.

तुमची ठरलेली उत्तरे मला पाठ आहेत. एकेक घेतो.

तुम्ही म्हणता, या जागांमुळे डास होतात. जिथे भरती-ओहोटी रोज खेळते आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे आत-बाहेर करतात, तिथे डासांना फार वाव मिळत नाही. डास होतात ते साचून सडलेल्या पाण्यात. पाणी साचवले तुम्ही. रोग तुम्ही आणायचा आणि औषध म्हणून पुन्हा तुमचाच भराव आम्ही घ्यायचा, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

तुम्ही म्हणता, पक्षी विमानांना धोकादायक आहेत म्हणून तळी नकोत. मे 2024 मध्ये घाटकोपरवर एका प्रवासी विमानाची रोहितांच्या थव्याला धडक बसली आणि तीसहून अधिक पक्षी मेले. त्या रात्रीचे खापर मी तुमच्या माथी फोडणार नाही. ते सिद्ध झालेले नाही. पण एवढे तर साध्या विचारानेही कळते: बसायची ठरलेली जागा गेली की पक्षी नाहीसा होत नाही, तो जागा शोधत फिरतो. ठरलेल्या तळ्यावर उतरणारा थवा कुठून कुठे उडतो, हे माहीत असते. बेघर थवा कुठून येईल, हे कोणत्याही वैमानिकाला सांगता येणार नाही. विमानतळाजवळच्या पाणथळ जागा बुजवण्याने धोका वाढू शकतो, हा इशारा पक्षितज्ज्ञांनी दिलेला आहे.

तुम्ही म्हणता, तोडलेल्या खारफुटीच्या बदल्यात आम्ही दुसरीकडे दुप्पट रोपे लावू. कुठे? बहुतेक वेळा उघड्या चिखलावर. तो चिखल म्हणजे पक्ष्यांचे कुरण. तिथे झाडे लावली की एका अधिवासाची भरपाई दुसऱ्या अधिवासाच्या नाशाने होते. रोपे मोजता येतात, त्यांच्यासोबत फोटो निघतो. चिखलाचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून तुमच्या भरपाईत तो कधीच नसतो.

आणि तुमचा शेवटचा हुकमी एक्का, विकास. घरे हवीत, बंदर हवे, रस्ता हवा, हे आम्हालाही कळते. रस्त्याखाली मोठी मोरी ठेवून रस्ता होतो. खांबांवर पूल उभारून जेट्टी होते. पाणी वाहते ठेवून बांधकाम करायचे तंत्र अभियंत्यांना माहीत आहे, त्याला थोडा अधिक खर्च येतो इतकेच. तुम्ही तो वाचवता, कारण पाणी थांबले तर तुमचे दुहेरी भले होते: पाईपचे पैसे वाचतात आणि शेजारची जमीन सुकते.

कायदा तुमच्या बाजूने आहे, असे तुम्ही समजत असाल, तर न्यायालयांनी काय म्हटले ते आठवा. खारफुटीची तोड आणि तिच्याभोवतीच्या पन्नास मीटरांत बांधकाम मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच थांबवले. सप्टेंबर 2018 च्या निकालात त्याच न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. त्याच वर्षी नेरूळच्या पाणथळ जागेवर गोल्फ मैदान आणि घरे करण्यासाठी केलेला भूवापर बदलही न्यायालयाने रद्द केला. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये उपग्रहाच्या नकाशांवर नोंदवलेल्या देशभरच्या 2,01,503 पाणथळ जागांना संरक्षणाचे नियम लागू राहतील, असे सांगितले. या नोंदी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने केल्या आहेत. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस शाळेमागच्या तळ्याला संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली.

यातले काहीही सुखासुखी झालेले नाही. प्रत्येक निकालामागे नोकरी-घर सांभाळून तारखांना जाणारे, ओहोटीच्या वेळा पाहून बुजलेल्या पाईपांचे फोटो काढणारे, माहिती अधिकारात अर्जामागून अर्ज टाकणारे साधे लोक आहेत. तुमचा सगळा भरवसा त्यांच्या थकण्यावर आहे. एक तोंड उघडायला आदेश मिळवावा, तोवर तुम्ही दुसरे बुजवावे. आदेश हातात पडेपर्यंत तळ्यात काही उरू नये. जगात 1970 ते 2015 या काळात सुमारे 35 टक्के पाणथळ जागा नष्ट झाल्या, जंगलांच्या तिप्पट वेगाने. त्या वेगामागे अशा युक्त्याही असतात. जंगल तोडताना कुऱ्हाड दिसते. इथे काही दिसतच नाही, फक्त पाणी येत नाही.

म्हणून आमची मागणी तळ्याच्या कडेने कुंपण घालण्याची नाही. पाण्याच्या वाटेची नोंद करा, ही आहे. ठाणे ते उरण या काठावरची प्रत्येक उघाडी, प्रत्येक मोरी, प्रत्येक ओहोळ क्रमांक देऊन नकाशावर आला पाहिजे आणि तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. पाहणी वर्षातून एकदा उन्हाळ्यात न होता पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, उधाणाच्या भरतीला झाली पाहिजे, आणि तिच्यात स्थानिक कोळी आणि आगरी माणसे साक्षीदार असली पाहिजेत. कोणत्या वाटेने पाणी येत होते हे त्यांच्याइतके कोणाला सांगता येणार नाही. पाण्याची वाट बुजवणे हाच गुन्हा धरला पाहिजे, मग आत मुरूम पडलेला असो वा नसो. ज्याने ती बुजवली त्याच्याच खर्चाने ती उघडली पाहिजे. आणि पाणी अडवल्यामुळे सुकलेल्या जमिनीला कोरडी जमीन म्हणून कोणताही भूवापर कधीच मिळता कामा नये. हा एक नियम झाला तरी तुमचा धंदा बसेल, कारण सुकवण्यात नफाच उरणार नाही.

तुम्हाला माझी विनंती नाही. विनंती त्याला करावी ज्याला आपण काय करतो ते कळत नाही. तुम्हाला ते नेमके कळते, म्हणूनच तुम्ही मुरुमाच्या आधी मोरीकडे पाहता. आता आम्हीही तिकडेच पाहू लागलो आहोत. येत्या अमावास्येला उधाण आहे. आमची माणसे भरतीच्या वेळी प्रत्येक मोरीपाशी उभी असतील, पाणी आत गेले की नाही ते वेळेसह लिहून घेतील आणि जिथे गेले नाही तिथली तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी तहसील कार्यालयात, वनखात्यात आणि पोलीस ठाण्यात दाखल होईल. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा जाऊ. तोवर बुजवलेली तोंडे स्वतःहून उघडलीत तर तुमचा खर्च वाचेल. नाही उघडलीत, तर या वेळी पंचनामा आम्ही लिहू आणि त्यात पाणी का आढळले नाही, याचे कारणही असेल.

खाडीकाठचा एक रहिवासी